बॅटरीतील आम्ल आणि वरचे पाणी

भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रातील ज्या असंख्य घरांत इन्व्हर्टर आला, तेथे जिन्याखाली किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात येऊन बसलेल्या काळ्या, वजनदार बॅटरीची विचारपूस दिवे गेल्याखेरीज सहसा होत नाही. आणि ती ‘उतरली’ असे निदान होताच, तीत थोडे ॲसिड घाला म्हणजे पूर्ववत् चालेल, असा सल्ला देणारा हितचिंतक हटकून भेटतो. सल्ल्यामागील सद्भावना निर्विवाद असली तरी तो शास्त्राला धरून नाही.

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून पुनःपुन्हा चार्ज करता येणारा पहिला विद्युत्‌घट सिद्ध केला, आणि त्याचे मूलतत्त्व आजही तेच आहे. पूर्ण चार्ज झालेल्या घटात धन प्लेटांवर चॉकलेटी रंगाचा शिशाचा डायऑक्साइड, ऋण प्लेटांवर राखी, सच्छिद्र शिसे आणि दोहोंच्या मध्ये गंधकाम्लाचे द्रावण असते. वीज खर्च होऊ लागली की आम्लातील सल्फेट दोन्ही प्लेटांवर जाऊन बसते, द्रावणात पाणी वाढते, आणि १.२५ च्या आसपास असलेले त्याचे विशिष्ट गुरुत्व १.१२ च्या सुमारास येऊन ठेपते. तात्पर्य, उतरलेल्या बॅटरीतील आम्ल नाहीसे झालेले नसते. ते प्लेटांकडे अनामत म्हणून जमा असते आणि चार्जिंगचा प्रवाह सुरू होताच पै-पैशासह परत मिळू लागते.

अशा वेळी वरून नवे आम्ल ओतले म्हणजे हायड्रोमीटरची तरती नळी वर येते, गुरुत्वाचा आकडा साजरा दिसतो, आणि मालकाची समजूत पटते. प्लेटांवरचे सल्फेट मात्र जागच्या जागीच राहते. पुढे चार्जिंगने तेही द्रावणात उतरले की आम्लाचे प्रमाण मर्यादेबाहेर जाते, धन प्लेटांच्या जाळ्या व मधले पडदे झिजू लागतात, आणि ज्या बॅटरीला आणखी दोन वर्षे सहज गेली असती ती अकाली भंगारात जाते. आकडा सुधारणे आणि बॅटरी सुधारणे यांतला हा फरक काही दुकानदारांनाही ठाऊक नसतो. ज्यांना असतो, ते तो बोलून दाखवतातच असे नाही.

मग घटातील पातळी खाली का जाते? चार्जिंगच्या अखेरीस प्रवाहाने पाण्याचेच विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातात, आणि उन्हाळ्यात काही पाणी बाष्परूपाने उडते. गंधकाम्ल असे उडत नाही. याचा दाखला बॅटरीचे काम करणाऱ्याच्या सदऱ्यावर मिळतो: सौम्य आम्लाचा थेंब सुती कापडावर पडला तर त्या क्षणी काहीच दिसत नाही; पाणी सुकून आम्ल तेवढे मागे उरते, तीव्र होत जाते, आणि पुढच्या धुण्यात तेथे भोके निघतात.

म्हणून भरायचे ते पाणीच, आणि तेही डिस्टिल्ड. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यातील क्लोराइड व लोह प्लेटांना बाधक ठरतात. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकेच पाणी आधी घालावे आणि उरलेली भर चार्जिंगनंतर घालावी, कारण चार्ज होताना द्रावण फुगून वर येते. पाणी घातल्याबरोबर गुरुत्व मोजणे व्यर्थ आहे. नवे पाणी बराच वेळ वरच तरंगते. झाकणे उघडी असताना विडी-काडी जवळ नको, हे हायड्रोजनचे नाव घेतल्यावर निराळे सांगायला नको.

आम्लाचा खरा अधिकार पहिल्या भरणीचा. कोरड्या आलेल्या बॅटरीत आपल्या उष्ण हवेत सामान्यतः १.२४ ते १.२५ गुरुत्वाचे तयार द्रावण घालतात. थंड मुलुखात ते १.२८ पर्यंत ठेवतात. १.८४ गुरुत्वाच्या तीव्र आम्लापासून ते बनवताना आम्ल पाण्यात, बारीक धारेने, ढवळत ओतायचे. उलट केल्यास वरचे पाणी क्षणार्धात उकळून आम्लासह अंगावर उसळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली आम्लाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातल्यापासून विक्रेत्याने गिऱ्हाइकाचे ओळखपत्र पाहून, खरेदीचे कारण विचारून नोंदवहीत तपशील लिहिणे बंधनकारक आहे. तेव्हा हे काम जाणत्या मिस्त्रीवरच सोपवलेले बरे. त्वचेवर थेंब उडाला तर भरपूर वाहते पाणी. फरशीवर सांडले तर खाण्याचा सोडा.

चालू बॅटरीत आम्ल घालण्याचा प्रसंग एरवी एकच: ती कलंडून द्रावण सांडले असेल तेव्हा. त्या वेळीही आधी पूर्ण चार्ज करून, न सांडलेल्या घटांचे गुरुत्व पाहून, तेवढ्याच गुरुत्वाचे द्रावण रिकाम्या झालेल्या घटात भरावे.