केबल मोडेम : कमावले कोणी?

नव्वदच्या दशकात अमेरिकेत इंटरनेट असलेल्या बहुतेक घरांत ते टेलिफोनच्या तारेतून येई. वेग सेकंदाला फार तर 56 किलोबिट, आणि तेवढा वेळ फोन अडकलेला. त्यांतल्या कितीतरी घरांत टीव्हीची जाड केबल मात्र आधीच पोचली होती. त्या केबलमधून संगणकाची माहिती ने-आण करणारी पेटी म्हणजे केबल मोडेम.

काम अवघड होते. केबलचे जाळे चित्रे घराकडे नेण्यापुरते बांधलेले. उलट संदेश पाठवायचा, तर वाटेतले ॲम्प्लिफायर बदलावे लागत; शिवाय परतीच्या वाटेवर घरोघरची विजेची खरखर गोळा होई. इराणमध्ये जन्मलेल्या रूझबेह यासिनी यांच्या लॅनसिटी कंपनीने हे जमवून दाखवले. पुढे टीव्हीच्या एका चॅनेलच्या 6 मेगाहर्ट्झ जागेतून सेकंदाला 27 ते 38 मेगाबिट उतरू लागले. तो वेग सगळ्या वस्तीत वाटला जाई. सोसायटीच्या टाकीचेही तसेच असते; सकाळी सगळ्यांनी नळ सोडले की धार बारीक होते.

घरटी एक मोडेम हा हिशेब गुंतवणूकदारांना भुरळ घालणारा होता. पण प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी. एकीचा मोडेम दुसरीच्या यंत्रणेवर चालेना. मार्च 1997 मध्ये केबललॅब्ज या संस्थेने ‘डॉक्सिस’ हे सामाईक मानक आणले. चढाओढ वाढली, किमती उतरल्या आणि मोडेम सामान्य घरांत पोचला. ग्राहकाचे भले झाले, पण स्वतःच्या वेगळ्या तंत्रावर विसंबलेल्या कंपन्यांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांतल्याच टेरेयॉनचा शेअर 2000 च्या तेजीत गगनाला भिडला होता. 2007 मध्ये मोटोरोलाने ती कंपनी सुमारे 14 कोटी डॉलरना घेतली. केबलवरून इंटरनेट पुरवणाऱ्या एक्साइट ॲट होमने तर 2001 मध्येच दिवाळखोरी पत्करली. ग्राहक तेव्हाही वाढतच होते.

1998 मध्ये शेअर बाजारात उतरलेल्या ब्रॉडकॉमने मोडेमच्या आतली चिप बनवली आणि अनेक उत्पादकांना विकली. पेटीवर नाव कोणाचेही असो, चिप तिची. त्या तेजीनंतरच्या मंदीत तिचाही शेअर गडगडला, पण कंपनी तगली.

केबल मोडेमने जग जोडले, तरी तो घडवणाऱ्या अनेकांच्या हाती फारसे उरले नाही. नव्या उपकरणात पैसे घालण्यापूर्वी एवढे जरूर विचारा : उद्या ही पेटी कोणीही बनवू लागले, तर नफा कोणाकडे राहील?