प्राणवायूची चावी ज्यांच्या हाती

रुग्णालयात डॉक्टरांची फेरी दिवसातून दोनदा होते. बाकी सारा वेळ रुग्ण असतो सिस्टरांच्या आणि वॉर्डातल्या मामा-मावशींच्या हवाली. रात्री दोन वाजता एखाद्याला धाप लागली, तर सिलिंडर ओढत आणणारे, चावी फिरवणारे आणि तोंडावर मास्क बसवणारे हात त्यांचेच असतात. ही चावी किती फिरवायची, हे त्या हातांना कोणी शिकवले आहे का? हा प्रश्न मला फार उशिरा पडला. तो कसा पडला, तेच आज वाचकांना सांगायचे आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्याच्या एका रुग्णालयात सत्तरीचे एक आजोबा दाखल झाले. जन्मभर बिडी ओढलेली, छाती भात्यासारखी फुगलेली, थंडी पडली की खोकला आणि दम ठरलेला. मी तपासले, औषधे लिहिली आणि केसपेपरवर शेवटी लिहिले, ‘ऑक्सिजन द्यावा.’ सिस्टरांनी २ लिटरवर प्राणवायू सुरू केला आणि मी घरी गेलो.

मध्यरात्री आजोबांचा मुलगा घाबरला. ‘मामा, बाबांना दम लागतोय, जरा वाढवा ना.’ मामांना दया आली. त्यांनी २ लिटरचे १० लिटर केले. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर १०० आकडा आला. सगळ्यांना हायसे वाटले. थोड्याच वेळात आजोबांना झोप लागली.

सकाळी मी पाहिले, तर ती झोप नव्हतीच. हलवून हाका मारल्या तरी आजोबा धड डोळे उघडत नव्हते. चेहरा लालसर, हात गरम, नाडी ठणठण उडणारी. त्यांच्या रक्तात कर्बवायू साठला होता. प्राणवायू मोजून कमी केला, जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले, श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले. अकरा दिवसांनी आजोबा चालत घरी आले, हे आमचे नशीब.

मुलगा पेढे घेऊन आला आणि त्याने मामांचे हात धरले. ‘त्या रात्री तुम्ही ऑक्सिजन वाढवलात म्हणून बाबा वाचले.’ मामांनी माझ्याकडे पाहिले. मी त्या मुलाला बाजूला बसवून खरे काय ते सांगितले. चूक मामांची नव्हती. किती लिटर, कशातून आणि कुठपर्यंत, यातले काहीच केसपेपरवर नव्हते, आणि तो केसपेपर माझ्या हातचा होता.

अति तेथे माती

प्राणवायू हे औषध आहे. आपण श्वासातून घेतो त्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. आजारात तो कमी पडला तर वरून द्यावा लागतो, पण इतर औषधांसारखाच मोजून. बहुतेक रुग्णांमध्ये ऑक्सिमीटरचा आकडा ९४ ते ९८ च्या दरम्यान ठेवणे पुरेसे असते. बिडी-सिगारेटने किंवा वर्षानुवर्षे चुलीच्या धुराने फुफ्फुसे निकामी झालेल्या ज्या रुग्णांत कर्बवायू साठण्याचा धोका असतो, त्यांच्यासाठी ८८ ते ९२ हेच लक्ष्य. अशा रुग्णाला जास्त प्राणवायू मिळाला की फुफ्फुसाच्या निकामी भागाकडेही रक्त वळते, कर्बवायू बाहेर टाकण्याचे काम मंदावते आणि तो रक्तात साठून माणसाला गुंगी येते. ऑक्सिमीटर फक्त प्राणवायू दाखवतो, कर्बवायू दाखवत नाही. म्हणूनच आजोबांच्या बोटावरचा तो १०० आकडा सगळ्यांना फसवून गेला.

ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांच्या मदतीने झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. धाप लागलेल्या ४०५ रुग्णांपैकी काहींना नेहमीप्रमाणे भरपूर प्राणवायू दिला गेला, तर काहींना ८८ ते ९२ चे लक्ष्य ठेवून मोजून दिला गेला. भरपूर दिलेल्यांत शंभरी ९ रुग्ण दगावले, मोजून दिलेल्यांत ४. दोन्हीकडे औषध तेच होते, चावी फिरवणाऱ्यांचे शिक्षण तेवढे वेगळे.

मात्र याचा अर्थ प्राणवायू द्यायला घाबरावे, असा मुळीच नाही. ओठ निळे पडलेल्या माणसाला प्राणवायू न देणे अधिक घातक. द्यायचा तो लगेच, पण मोजून आणि पाहत पाहत.

पालथ्या घड्यावर पाणी

कर्मचाऱ्यांना आम्ही शिकवत नव्हतो, असे नाही. दरवर्षी एक व्याख्यान होई. मी तासभर पडद्यावर चित्रे दाखवी, समोरची मंडळी जांभया आवरत. शेवटी हजेरीवर सह्या, समोसा, चहा आणि ‘छान झाले सर’. आजोबांच्या प्रकरणानंतर मी जुनी हजेरी काढून पाहिली. मामांची सही होती. त्या रात्रीच्या सिस्टरांचीही होती. म्हणजे माझे शिकवणे पालथ्या घड्यावरचे पाणी ठरले होते, आणि घडा पालथा ठेवणारा मीच होतो. हाताने करायचे काम मी त्यांना कानाने शिकवत होतो.

तेव्हापासून आम्ही व्याख्यान बंद केले आणि वॉर्डातच वर्ग सुरू केला. महिन्यातून एकदा, दुपारी दोनच्या सुमारास, पाळी बदलताना. एका वेळी आठ-दहा जण आणि वेळ पाऊण तास, अधिक नाही. रात्रपाळीवाले सुटू नयेत म्हणून तोच वर्ग त्यांच्या वेळेनुसार पुन्हा. सिस्टर, मामा, मावशी आणि रुग्णवाहिकेचा चालक, सारे एकत्र. डॉक्टरही शिकायलाच बसतात.

आठ-दहा जण आणि एक सिलिंडर

पहिला धडा श्वास मोजण्याचा. आमच्या चार्टवर सगळ्या रुग्णांचा श्वास मिनिटाला २० असे. न्यूमोनियाचा रुग्ण असो की पाय मोडलेला, आकडा तोच! मी प्रत्येकाला शेजाऱ्याचा श्वास पूर्ण मिनिटभर, त्याला न सांगता मोजायला लावले. कोणाचा १४ निघाला, कोणाचा १८, मावशींचा जिना चढून आल्यामुळे २६. एकाचाही २० निघाला नाही. हसू फुटले, पण मुद्दा पोहोचला. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो. तो २५ च्या वर गेला की धोक्याची घंटा समजावी, मग ऑक्सिमीटरचा आकडा कितीही चांगला असो.

दुसरा धडा मास्कचा. नाकातल्या नळीने साधारण १ ते ५ लिटरपर्यंत द्यावे. साध्या मास्कला किमान ५ लिटर हवेत, नाहीतर सोडलेला श्वास मास्कमध्येच कोंडतो आणि तोच परत आत जातो. पिशवीच्या मास्कला १० ते १५ लिटर लागतात आणि पिशवी श्वास घेतानाही फुगलेली राहायला हवी. हे मी तोंडाने सांगितले नाही. धडधाकट सिस्टरांनी स्वतः मास्क लावून पाहिला. चपट्या पिशवीचा मास्क लावताच एक सिस्टर दोन श्वासांत तो ओढून काढत म्हणाल्या, ‘अहो, कोंडतंय की! म्हणजे आमचे पेशंट मास्क ओढतात ते उगाच नाही.’ त्या दिवसापासून मास्क ओढणाऱ्या रुग्णाला ‘त्रास देतो’ असे त्यांनी कधी म्हटले नाही.

तिसरा धडा ऑक्सिमीटरचा. हे यंत्र ज्या तत्त्वावर चालते, ते जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास शोधले. बोटातून प्रकाश पाठवून ते रक्ताचा रंग पाहते. साहजिकच नखाला गडद पॉलिश असेल, बोट गार पडले असेल किंवा हात थरथरत असेल तर आकडा फसवा येतो. एका सिस्टरांनी गार पाण्यात हात बुडवला. त्याच बोटावर यंत्र आधी आकडाच दाखवेना, मग भलताच दाखवू लागले. आकडा विचित्र वाटला तर बोट चोळून गरम करायचे, दुसऱ्या बोटाला लावून पाहायचे आणि आधी रुग्णाकडे पाहायचे.

चौथा धडा हिशेबाचा. आमच्या रुग्णवाहिकेत १० लिटर आकारमानाचा छोटा सिलिंडर असतो. काटा १५० वर असला की त्यात १० गुणिले १५०, म्हणजे साधारण १५०० लिटर प्राणवायू. मी विचारले, काटा ५० वर आहे, रुग्णाला मिनिटाला ५ लिटर लागतात, आणि जिल्ह्याचे ठिकाण दोन तासांवर. पुरेल का? खडूने फरशीवर गणित झाले. ५०० भागिले ५, म्हणजे १०० मिनिटे. प्रवास १२० मिनिटांचा. चालक हळूच म्हणाला, ‘म्हणजे शेवटची वीस मिनिटं पेशंट तसाच.’ कोणी काही बोलले नाही. आता हिशेब केल्याशिवाय आणि निम्मा जादा साठा घेतल्याशिवाय गाडी निघत नाही.

याशिवाय सुरक्षिततेच्या गोष्टी दर वेळी घोकून घेतल्या जातात. सिलिंडर साखळीने बांधलेला असावा. झडप सावकाश उघडावी. झडपेला तेल-ग्रीस लावू नये आणि तेलकट हातही लावू नये. फ्लोमीटरचा आकडा बॉलच्या मध्यावर वाचावा. २०२१ साली २१ एप्रिलला नाशिक महापालिकेच्या रुग्णालयात टाकीतून प्राणवायूची गळती झाली आणि पुरवठा खंडित होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. तो दिवस महाराष्ट्र विसरलेला नाही. टाकी आणि यंत्रे पैशाने येतात. ती रोज पाहणारी, नोंद ठेवणारी माणसे मात्र शिकवूनच तयार होतात.

मामांनी दिलेला धडा

दुसऱ्या-तिसऱ्या वर्गात मी सरळ विचारले, ‘सांगूनही रात्री प्राणवायू का वाढवला जातो?’ बराच वेळ कोणी बोलेना. शेवटी तेच मामा म्हणाले, ‘साहेब, दहा नातेवाईक अंगावर येतात. तुम्ही घरी असता. वाढवला नाही तर आमची गचांडी धरतात.’

हे कोणत्याही पुस्तकात नव्हते. आम्ही त्याच दिवशी उपाय ठरवला. प्रत्येक खाटेच्या फ्लोमीटरला एक पुठ्ठ्याचे कार्ड बांधायचे. त्यावर डॉक्टरांनी चार गोष्टी लिहायच्या: किती लिटर, कोणत्या नळीने किंवा मास्कने, आकडा किती ते किती ठेवायचा आणि पुन्हा कधी तपासायचे. ते कार्ड दाखल करतानाच नातेवाइकांना वाचून दाखवायचे. मामांच्या हाती आता दाखवायला कागद आहे. बंद पडलेला काटा कोणत्या सिलिंडरचा, रिकामे सिलिंडर भरलेल्यांत कसे मिसळतात, हेही मला मामांनीच दाखवले. ‘भरलेला’, ‘रिकामा’ या पाट्या त्यांच्याच सूचनेवरून आल्या.

एकदा शिकले म्हणजे झाले, असे मात्र नाही. हाताला सवय राहिली नाही की शिकलेले विसरते. त्यात माणसे बदलतात, बदल्या होतात. म्हणून वर्गानंतर आठ-दहा दिवसांनी वॉर्डात जाऊन, परीक्षा न घेता, ‘जरा हा मास्क लावून दाखवता का?’ एवढेच विचारायचे. चुकले तर तिथेच, रुग्णासमोर नव्हे, बाजूला घेऊन सांगायचे. २०२१ च्या लाटेत गावोगावी प्राणवायूची यंत्रे आली. ती कपड्याखाली झाकून ठेवण्यापेक्षा महिन्यातून एकदा असा वर्ग भरवून चालवून पाहिली, तर पुढच्या वेळी आयत्या वेळची धावपळ वाचेल.

नातेवाइकांनी एवढे करावे

१. फ्लोमीटरची चावी स्वतः फिरवू नये. धाप वाढली तर सिस्टरांना बोलवावे.
२. जुन्या दम्याचा किंवा बिडी-सिगारेट ओढणारा रुग्ण असेल, तर ‘आकडा किती ठेवायचा?’ असे डॉक्टरांना जरूर विचारावे. आकडा ९० दिसला म्हणून अशा रुग्णासाठी भांडू नये.
३. प्राणवायू चालू असताना रुग्णाला कधी नव्हे ती गुंगी आली, बोलणे असंबद्ध झाले, तर ‘शांत झोपलेत’ असे समजू नये. ताबडतोब सांगावे. प्राणवायू आपल्या मनाने बंदही करू नये.
४. प्राणवायूजवळ बिडी, काडी, उदबत्ती, निरांजन काहीही पेटवू नये. घरी यंत्र असेल तिथेही हाच नियम.
५. दुसऱ्या गावी नेताना सिलिंडरचा काटा किती आणि तो किती वेळ पुरेल, हे निघण्याआधी विचारावे.

गेल्या हिवाळ्यात रात्री साडेअकराला माझा फोन वाजला. नव्याने आलेल्या सिस्टर होत्या. आवाजात थोडा संकोच होता. ‘सर, सात नंबरच्या आजींच्या कार्डावर तुम्ही आकडा लिहायचा राहिलाय. चुलीच्या धुराचा दमा आहे त्यांना. ८८ ते ९२ धरू ना?’

मी ‘हो’ म्हटले आणि त्यांचे आभार मानले. सकाळी जाऊन कार्ड पुरे केले. शेजारीच आजींचा चार्ट होता. त्यावर श्वासाचे आकडे होते: २८, २६, २४, २२.