सिग्नलचा ‘वन्स मोअर’!

प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर पळतो, हे शाळेत घोकलंत. पण कोॲक्स केबलमध्ये शिरलेला सिग्नल जेमतेम दोन लाखांनीच पळतो, माहीत आहे का? वेगावर चक्क ३४ टक्क्यांचा सेल!

उरलेल्या वेगाचं नाव व्हेलॉसिटी फॅक्टर. आरजी-५८ केबलचा ०.६६. तांब्याला दोष देताय? थांबा! खरा स्पीडब्रेकर तारेभोवतीचं दुधाळ पॉलिथिलीन. त्यात बुडबुडे भरून फोम केला की आकडा ०.८ च्या आसपास उडी मारतो. म्हणजे हवा भरली की हवा होते!

मोजायचाय? ऑसिलोस्कोपला भरपूर ‘स्कोप’ आहे. पल्स जनरेटर, टी-कनेक्टर आणि ३० मीटर केबल घ्या. लांबचं टोक मोकळं सोडा. पल्स तिथवर जाते, आपटते, परत फिरते. स्क्रीनवर दोन उंचवटे, मध्ये सुमारे ३०३ नॅनोसेकंद! जाऊन-येऊन ६० मीटर भागिले वेळ, मग भागिले प्रकाशाचा वेग. उत्तर ०.६६. जाण्या-येण्याचं अंतर धरायला विसरलात, तर निम्मंच उत्तर येईल हं!

आता गंमत. मोकळं टोक म्हणजे तमाशापंढरी नारायणगावचा प्रेक्षक: वन्स मोअर देऊन पल्स तशीच परत पाठवतो. टोक शॉर्ट करा, पल्स उलटी होऊन येते. ५० ओहमचा रेझिस्टर जोडा, सगळं गिळून गप्प!

नारायणगाव निघालंच आहे, तर मंचरकडून येऊन पूर्वेला वळा. खोडदला जीएमआरटी! खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतली ही रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. १४ मध्यभागी, १६ वाय आकाराच्या तीन भुजांवर. डिशच्या माथ्यावरून सिग्नल कोॲक्सने खाली उतरतो, मग ऑप्टिकल फायबरने कंट्रोल रूमकडे. फायबरही संथच: १४ किलोमीटरला सुमारे ७० मायक्रोसेकंद, निर्वात पोकळीत ४७ पुरले असते. जवळच्या डिशचा सिग्नल आधी पोचतो, म्हणून त्याला इलेक्ट्रॉनिक्सने मुद्दाम रोखून धरावं लागतं. नाहीतर ३० डिशचा सूर जुळेल कसा?

पूर्ण १.० फॅक्टर कुणाचा, माहीत आहे का? रिकाम्या अवकाशाचा! १९ ऑक्टोबर २०१६ ला मंगळावर उतरणाऱ्या शियापरेली यानाची हाक खोडदने टिपली. यान आदळलं, पण हाक पावणेदहा मिनिटांत सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर बिनब्रेक आली. ब्रेक लागला तो थेट जुन्नर तालुक्यात, केबलमध्ये!