खेचराच्या पाठीवरचं इस्पितळ

नवी मुंबईतल्या कुठल्याही नोडमध्ये राहणाऱ्या माणसाला विचारा, इस्पितळ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? कॅज्युअल्टीचा दरवाजा, लिफ्ट, वरच्या मजल्यावरचं ऑपरेशन थिएटर. आता यातली इमारत काढून टाका. वीज नाही, नळ नाही, क्ष-किरण यंत्राचं नाव नको. उरेल ते खेचरांवर लादा आणि रातोरात डोंगर ओलांडून पुढच्या गावाला न्या. उत्तर चीनच्या हेबेई प्रांतात युद्धाच्या ऐन धुमाळीत असं इस्पितळ खरोखर चाललं. जानेवारी 1941 मध्ये त्याचे प्रमुख झाले ते सोलापूरचे तीस वर्षांचे डॉक्टर, द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

व्ही. शांतारामांच्या 1946 च्या चित्रपटाने हे नाव घरोघरी नेलं. माणूस आपल्या लक्षात राहिला; त्याचं इस्पितळ चालायचं कसं, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. मला तर त्यातच सगळं नवल दिसतं.

1937 मध्ये जपानने चीनवर चढाई केली. आठव्या रूट आर्मीचे सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली, काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केलं, वर्गणी गोळा झाली. पाच डॉक्टर निघाले: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कोलकात्याचे बसू आणि मुखर्जी, आणि आपले कोटणीस. 1 सप्टेंबर 1938 रोजी ‘राजपुताना’ बोटीने त्यांनी मुंबई सोडली. कोटणीस पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीत होते. ते बाजूला ठेवून गेले. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत.

ते ज्या कामावर पोचले त्याची घडी बसवली होती कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून यांनी. त्यांचं गणित साधं होतं. पेनिसिलिन अजून रुग्णांपर्यंत पोचलेलं नव्हतं. मांडीत गोळी लागलेल्या सैनिकाला खाटेवर घालून डोंगरवाटेने दोन-तीन दिवस वाहून आणलं, तर तोवर जखम चिघळून पाय सडायला लागे, मग कापण्यावाचून इलाज नसे. तेव्हा जखमीने सर्जनची वाट पाहायची नाही, सर्जननेच जखमीकडे जायचं. बेथ्यूननी आधी सोंगयान्कोउ गावात एक नमुनेदार इस्पितळ उभारलं होतं. जपानी फौजेने ते लवकरच उद्ध्वस्त केलं. एका जागी बांधलेलं इस्पितळ म्हणजे शत्रूला आयतं लक्ष्य, हा धडा त्यातून मिळाला.

मग आली ती पेटी. तिथले शेतकरी जनावराच्या पाठीवर दोन्ही अंगांना टोपल्या लावून शेतात खत नेत. बेथ्यूननी ते पाहिलं आणि तशाच बेताची लाकडी पेटी बनवून घेतली. कप्प्याकप्प्यांत हत्यारं, औषधं, बँडेज, फळकुटं. सुमारे शंभर शस्त्रक्रियांना पुरेल एवढं सामान एका जनावराच्या पाठीवर! जिथे युद्धाला तोंड फुटलं त्या लुगोउ पुलाचं नाव तिला दिलं. खेचर थांबलं, पेटी उतरवली, कुणाच्या तरी घरातलं दार काढून आडवं टाकलं, की थिएटर तयार. अशाच एका शस्त्रक्रियेत हातमोज्यांशिवाय काम करताना बेथ्यून यांचं बोट कापलं, विष अंगभर भिनलं, आणि 12 नोव्हेंबर 1939 रोजी ते गेले. नंतर इस्पितळाला त्यांचं नाव मिळालं.

कोटणिसांनी ही घडी नुसती सांभाळली नाही. 1940 च्या एका मोठ्या लढाईत तेरा दिवसांत आठशेवर जखमी त्यांच्याकडे आले. त्यांतल्या 558 जणांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. एकदा तर सलग 72 तास ते उभे होते. पण त्याहून मोठं काम मला दुसरंच वाटतं. सैन्याकडे शिकलेले डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, म्हणून इस्पितळाला लागूनच शाळा होती. डॉक्टर मरेल, औषध संपेल, गाव जळेल. शिकलेली पोरं मात्र चार दिशांना पांगून काम करतील. आणि त्यांना शिकवायचं तर त्यांच्याच भाषेत. सोलापुरात वाढलेला हा माणूस दुभाष्याशिवाय चिनी भाषेत सर्जरी शिकवू लागला, त्या भाषेत शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहू लागला! जपानी फौजांची मोहीम आली की इस्पितळच विरून जाई. जखमी गावकऱ्यांच्या घरांत लपत, सामान डोंगरात जाई, आणि फौज सरली की पुन्हा जुळवाजुळव.

तिथेच शुश्रूषा शिकवणाऱ्या ग्वो चिंगलान यांच्याशी त्यांनी 1941 मध्ये लग्न केलं. पुढच्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिन्हुआ, म्हणजे भारत आणि चीन. त्या दिवसांत कोटणिसांना अपस्माराचे झटके येत होते. उपचारासाठी रजा घेऊन बाहेर जावं असं वरिष्ठांनी सुचवलं; त्यांनी ऐकलं नाही. पहिलं पुस्तक पुरं करून दुसरं लिहीत असताना जोराचा झटका आला आणि 9 डिसेंबर 1942 रोजी गेगोंग गावात ते गेले. वय बत्तीस.

ते इस्पितळ आज शिजियाझुआंग शहरात आहे, बेथ्यून यांच्याच नावाने. त्याच शहरात हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत कोटणिसांची समाधी आहे, आणि एक वैद्यकीय शाळा त्यांच्या चिनी नावाने, क दीहुआ म्हणून, चालते. सोलापुरात त्यांच्या राहत्या घरी स्मारक झालं आहे. पाचांपैकी डॉ. बसू 1943 मध्ये मायदेशी परतले. पुढे ते पुन्हा चीनला गेले, तिथे ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. मदत घेऊन गेलेल्या या तुकडीने चीनमधून एक उपचारपद्धतीही भारतात आणली, हे मला त्यांच्या कथेतलं सर्वांत कमी सांगितलेलं पान वाटतं.