तुसाच्या राखेचे मोल

भाताच्या दाण्यातले फारसे काही वाया जात नाही. तांदूळ माणसाला, कणी कोंबड्यांना, कोंडा गुरांना. ‘निजेला धोंडा, भुकेला कोंडा’ या म्हणीतही मजल कोंड्यापर्यंतच जाते. तुसाच्या वाटेला कोणी जात नाही. गुरे ते आवडीने खात नाहीत, शेतात टाकले तर लवकर कुजत नाही. भाताचे रोप जमिनीतून सिलिका शोषून घेते. सिलिका म्हणजे, रसायनाच्या भाषेत, वाळूच. भाताचे पान हाताला कापते ते तिच्यामुळे, आणि कीड व बुरशीपासून रोप स्वतःचा बचाव करते तोही बराचसा याच चिलखताने. तुसात ही सिलिका भरपूर साठलेली असते.

काँक्रीट तपासणीच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे काढली. तुसाशी माझा संबंध आला तो त्याच्या राखेमुळे. हिशेब सोपा आहे. १००० किलो भात भरडले की साधारण २०० किलो तूस निघते. ते जाळले की सुमारे ४० किलो राख उरते, आणि नीट जाळलेल्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. ही सिलिका सिमेंटच्या कामी कशी येते, ते समजण्यासाठी आधी सिमेंटकडे वळायला हवे.

चुनखडी आणि चिकणमाती यांचे मिश्रण फिरत्या भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की क्लिंकर तयार होतो. त्यात थोडे जिप्सम घालून दळले की झाले सिमेंट. या भट्टीत कोळसा जळतो, त्याचा धूर आपल्याला दिसतो. न दिसणारा भाग मोठा आहे. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर ५६ किलो चुना हाती येतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी हा वायू दगडातून निघणारच. जगातल्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे, तो या दुहेरी कारणामुळे.

आता सिमेंटमध्ये पाणी घातल्यावर काय होते ते पाहू. सिमेंटमधल्या कॅल्शियम सिलिकेटची पाण्याशी क्रिया होऊन चिकट, घट्ट असा जेल बनतो. काँक्रीटची ताकद मुख्यतः त्याची. पण त्याच क्रियेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना, हाही तयार होतो. तो ताकदीत फारशी भर घालत नाही आणि पाझरणाऱ्या पाण्याबरोबर हळूहळू विरघळून जातो. इथे बारीक, क्रियाशील सिलिका हजर असेल तर ती या चुन्याला धरते आणि त्याचाही जेल बनवते. काँक्रीटमधली सूक्ष्म छिद्रे त्याने भरत जातात.

ही युक्ती जुनी आहे. नेपल्सजवळच्या पोझुओली गावची ज्वालामुखीची राख रोमन गवंडी चुन्यात मिसळत. त्या गावावरून अशा पदार्थांना ‘पोझोलाना’ हे नाव पडले. आपल्याकडचे गवंडी चुन्यात सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची भुकटी, घालत. आपल्या किल्ल्यांवर चुन्याच्या घाणीचे दगडी चाक अजून पाहायला मिळते. आजच्या पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये औष्णिक वीजकेंद्रांची राख १५ ते ३५ टक्के असते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात ती आहेच. तुसाची राख याच कुळातली.

मग ती सर्रास का वापरली जात नाही? सगळे जाळण्यावर अवलंबून आहे. साधारण ५०० ते ७०० अंशांच्या दरम्यान, पुरेशी हवा देऊन तूस जाळले तर सिलिकेचे रेणू विस्कळीतच राहतात, काचेसारखे. अशी सिलिका चुन्याशी चटकन क्रिया करते. उष्णता ८०० अंशांच्या वर बराच वेळ राहिली की तीच सिलिका स्फटिकाच्या शिस्तीत बसते आणि जवळजवळ निष्क्रिय होते. शिवाय स्फटिक सिलिकेची धूळ फुप्फुसांना घातक असते, हे राख उपसणाऱ्या मजुरांच्या दृष्टीने विसरून चालणार नाही. उलट हवा कमी पडली तर कार्बन न जळता मागे राहतो आणि राख काळी होते. नियंत्रित ज्वलनाचे हे महत्त्व कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्रा. पी. कुमार मेहता यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले आणि अशा राखेपासून सिमेंट बनवण्याचे पेटंटही घेतले.

प्रयोगशाळेत हा फरक हाताला जाणवतो. भातगिरणीच्या बॉयलरमधली राख एका पोत्यात करडी, तर दुसऱ्यात कोळशासारखी. क्ष-किरणांखाली धरली की स्फटिकी राख टोकदार शिखरे दाखवते, काचरूप राख नुसता एक पसरट उंचवटा. चांगली राखही लाडावलेली असते. तिचे कण सच्छिद्र असल्याने ती पाणी पिऊन टाकते, माल घट्ट होतो आणि साइटवरचा मिस्त्री सवयीने पाण्याची बादली उचलतो. जादा पाणी म्हणजे कमी ताकद; म्हणून तिथे पाण्याऐवजी सुपरप्लास्टिसायझर लागतो. सिमेंटच्या १० ते १५ टक्के जागी चांगली दळलेली राख घातली तर २८ दिवसांच्या ठोकळ्यांची ताकद साध्या काँक्रीटइतकी, कित्येकदा अधिकही मिळते. क्लोराइडचा शिरकाव कमी होतो. खाऱ्या हवेत सळया गंजून स्लॅबचे पापुद्रे सुटतात त्या आपल्या किनारपट्टीवर हा गुण ताकदीहून मोलाचा आहे.

उसाची कहाणी थोडी वेगळी. साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये बगॅस जळतो आणि टनभर उसामागे साधारण ६ किलो राख उरते. महाराष्ट्र चांगल्या हंगामात १० कोटी टनांहून अधिक ऊस गाळतो. म्हणजे ही राख सहा लाख टनांच्या घरात जाते. तिच्यात अर्धवट जळलेले धागे आणि उसाबरोबर आलेली माती-वाळू असते. आयआयटी मद्रासमधील संशोधकांनी दाखवले आहे की, ३०० मायक्रॉनच्या चाळणीने धागे वेगळे करून राख सिमेंटइतकी बारीक दळली तर तीही उत्तम पोझोलाना ठरते.

तरीही या राखेने सिमेंटचा प्रश्न सुटेल असे मी म्हणणार नाही. देशात वर्षाला साडेतेरा कोटी टनांच्या आसपास तांदूळ पिकतो. म्हणजे भात सुमारे २० कोटी टन, तूस ४ कोटी टन, आणि सगळे तूस जाळले तरी राख ८० लाख टन. सिमेंट लागते ४० कोटी टनांच्या आसपास. फार तर दोन टक्क्यांची ही गोष्ट. त्यातही तूस गिरण्यांच्या आणि विटांच्या भट्ट्यांत जळते आणि ती राख पोलाद कारखाने उष्णतारोधक म्हणून घेतात. वजनाला हलकी आणि आकाराने मोठी अशी ही राख लांब वाहून नेणे परवडत नाही.

म्हणून तिची जागा गिरणीच्या आसपासच आहे. गोंदिया-भंडाऱ्याच्या भातगिरण्या, कोल्हापूर-सांगलीचे साखर कारखाने यांच्या परिसरात फरसबंदीचे ठोकळे, गटारांची झाकणे, शेतरस्ते आणि लहान बांधकामे एवढा पल्ला तिला सहज झेपेल. नियमांची आडकाठी नाही. काँक्रीटसाठीचे भारतीय मानक ४५६ सन २०००पासून सांगते की, अपेक्षित गुणधर्म आणि एकसारखेपणा दाखवणारी तुसाची राख संबंधित अधिकाऱ्याच्या मान्यतेने वापरता येते. प्रत्येक ठिकाणच्या राखेची वेगळी तपासणी मात्र हवी.

अडते ते या ‘एकसारखेपणा’ शब्दापाशी. गिरणीमालकाला वाफ हवी असते, राख नव्हे. त्यामुळे आज एक राख, उद्या दुसरी. ठेकेदार अशा मालावर स्लॅब टाकणार नाही, आणि त्याचे काही चुकत नाही. राखेला भाव मिळाला तरच गिरणीवाला भट्टीचे तापमान सांभाळेल. आणि तापमान सांभाळले तरच राखेला भाव मिळेल. ही गाठ सोडवायला तालुक्याच्या ठिकाणी एक दळण्याची चक्की, एक चाळणी आणि नेमाने ठोकळे फोडून पाहणारी छोटी प्रयोगशाळा इतके पुरेसे आहे. तोवर गिरण्यांमागच्या राखेचे ढीग वाऱ्यावर उडत राहतील, आणि तेवढ्याच कामासाठी आपण डोंगरातली चुनखडी भाजत राहू.