मृदार्द्रतेचे उपग्रहीय मापन व कृषि-अवर्षण

मृदार्द्रतेचे उपग्रहीय मापन : जमिनीच्या वरच्या थरातील ओलाव्याचे कृत्रिम उपग्रहावरील सूक्ष्मतरंग उपकरणांनी केलेले मापन. पीक कोमेजण्यापूर्वीच कृषि-अवर्षणाची चाहूल लागणे, हा त्याचा प्रमुख उपयोग होय. पाऊस सरासरीपेक्षा बराच कमी पडला म्हणजे वातावरणीय अवर्षण होते. पिकाच्या मुळांना पुरेसे पाणी मिळेनासे झाले म्हणजे कृषि-अवर्षण होते. हंगामातील एकूण पाऊस पुरेसा असूनही मधला खंड लांबल्यास कृषि-अवर्षण उद्भवू शकते.

पाण्याचा विद्युत् अपारक स्थिरांक सु. ८०, तर कोरड्या मातीचा सु. ३ ते ५ असतो. त्यामुळे ओल वाढली की, जमिनीतून बाहेर पडणारे सूक्ष्मतरंग प्रारण घटते. सु. २१ सेंमी. तरंगलांबीचे प्रारण ढगांतून व विरळ पिकांतून पार जात असल्याने ऐन पावसाळ्यातही हे मापन करता येते. यूरोपीय अवकाश संस्थेने २००९ मध्ये ‘स्मॉस’ आणि अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने २०१५ मध्ये ‘स्मॅप’ हा उपग्रह याच तत्त्वावर सोडला. स्मॅपवरील रडार जुलै २०१५ मध्ये बंद पडले. तथापि त्याच्या प्रारणमापकाने दर दोन-तीन दिवसांनी मापन चालू ठेवले.

हे प्रारण मुख्यतः वरच्या सु. ५ सेंमी. थरातून येते. खोल मुळांजवळील ओल पर्जन्य, बाष्पीभवन व मृदेचे गुणधर्म यांवर आधारित गणिती प्रतिमानाने काढावी लागते. दाट वनस्पती व भूपृष्ठावरील रेडिओ प्रक्षेपणे यांमुळे मापनात दोष येतात. तसेच ओलाव्याच्या नुसत्या आकड्यावरून अवर्षण ठरत नाही. चिकण काळ्या मातीत पाणी अधिक राहते. परंतु त्यातील बराच भाग माती घट्ट धरून ठेवते व तो मुळांना मिळत नाही. म्हणून तो आकडा त्या जमिनीच्या जलधारणाशक्तीशी व त्याच काळातील दीर्घकालीन सरासरीशी ताडून पाहावा लागतो.

स्मॅपच्या प्रारणमापकाचे एक मापन सु. ४० किमी. रुंदीच्या प्रदेशाची सरासरी दाखविते. तीत पाटाखालचा ऊस व कोरडवाहू ज्वारी दोन्ही येतात. साहजिकच एखाद्या गावाच्या नुकसानीचा निर्णय केवळ तिच्यावर सोपविता येत नाही. जुलै २०२५ मध्ये सोडलेल्या भारत-अमेरिका संयुक्त ‘निसार’ उपग्रहावरील रडारांनी अधिक सूक्ष्म चित्र मिळू शकते.

भारत सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पर्जन्य, पेरणी, वनस्पतींची स्थिती व जलसाठे यांबरोबर मृदार्द्रताही निकष म्हणून समाविष्ट आहे. महाराष्ट्रातील आणेवारी पिकाच्या उत्पन्नाच्या अंदाजावर आधारलेली असल्याने तिचा निष्कर्ष हंगामाच्या उत्तरार्धात हाती येतो. ओलाव्यातील घट त्याआधी कळल्यास संरक्षक पाणी देणे, आपत्कालीन पिकांची निवड व चाऱ्याची तरतूद हे उपाय वेळेवर योजता येतात.