निवृत्तीनंतरचा सल्ला-व्यवसाय : स्वरूप कोणते निवडावे?

शासकीय सेवेतून निवृत्त झालेल्या अभियंत्यांच्या वा लेखाधिकाऱ्यांच्या अनुभवाचा लाभ सहकारी संस्था, शाळा व लहान कारखाने यांना होऊ शकतो. त्यामुळे अनेक जण निवृत्तीनंतर सल्ला-व्यवसायाकडे वळतात. तथापि, व्यवसायाचे कायदेशीर स्वरूप आधीच ठरविणे इष्ट होय. कारण उपदानाच्या रकमेतून बांधलेल्या घराची सुरक्षितता त्याच्याशी निगडित असते.

पूर्वानुमती

केंद्रीय सेवेतील गट 'अ' अधिकाऱ्यास निवृत्तीनंतर एक वर्षापर्यंत वाणिज्यिक नोकरीसाठी पूर्वानुमती आवश्यक असते. पूर्वपदामुळे अशिलास गैरवाजवी लाभ होण्याचा संभव असेल, तर स्वतंत्र सल्ला-व्यवसायही तीत मोडतो. नियमभंग झाल्यास निवृत्तिवेतनास बाध येऊ शकतो. राज्य सेवेतील निवृत्तांनी आपल्याला लागू असलेले नियम प्रथम पाहावेत.

चार पर्याय

एकल मालकी सर्वांत सुलभ होय. तीत मालक व व्यवसाय कायद्याने एकच असल्याने व्यवसायाचे देणे मालकाच्या खाजगी मालमत्तेतूनही वसूल होऊ शकते.

१९३२ च्या कायद्याखालील भागीदारीत एकाच्या चुकीचा भार सर्व भागीदारांवर पडतो. शिवाय नोंदणी नसलेल्या संस्थेस थकलेल्या शुल्कासाठी सर्वसाधारणपणे दावा लावता येत नाही.

२००८ च्या कायद्यान्वये मर्यादित दायित्व भागीदारीस किमान दोन भागीदार लागतात. एकाच्या चुकीसाठी दुसऱ्याचे घर धोक्यात येत नाही. मात्र वार्षिक विवरणे भरावी लागतात. उलाढाल ४० लाख रुपयांहून किंवा भांडवली अंशदान २५ लाख रुपयांहून अधिक असल्यास लेखापरीक्षणही अनिवार्य ठरते.

२०१३ च्या कंपनी कायद्याने एकव्यक्ती कंपनीची सोय केली. तीत वारस-सदस्याचे नाव आधीच नोंदवावे लागते आणि लेखापरीक्षण दरवर्षी करावे लागते.

कराची बाजू

तांत्रिक सल्ल्यासारख्या विनिर्दिष्ट व्यवसायांत वार्षिक प्राप्ती ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तिचा निम्मा भाग उत्पन्न मानून कर भरण्याची सवलत आहे. ती व्यक्तीस व साध्या भागीदारीस मिळते, मर्यादित दायित्व भागीदारीस नाही. केवळ निवृत्तिवेतन व व्याज घेणाऱ्या ६० वर्षांवरील व्यक्तीस आगाऊ करातून सूट असते. व्यवसायाचे उत्पन्न सुरू होताच ही सूट संपते. महाराष्ट्रात केवळ सेवा पुरविणाऱ्यास सर्वसाधारणपणे वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीनंतर वस्तू व सेवा कराची नोंदणी आवश्यक ठरते.

निवड कशी करावी?

कंपनी काढली की सर्व जबाबदारी टळते, ही समजूत बरोबर नाही. कर्जफेड व सहकाऱ्याची चूक यांपासून मर्यादित दायित्वाचे संरक्षण मिळते. परंतु स्वतः दिलेल्या सदोष सल्ल्याबद्दल सल्लागार व्यक्तिशः जबाबदार ठरू शकतो. म्हणूनच कर्ज न काढता एकट्याने काम करणाऱ्यास एकल मालकी बहुधा पुरेशी ठरते. तिच्या जोडीला कामाची व्याप्ती स्पष्ट करणारा लेखी करार, व्यावसायिक दायित्व विमा व स्वतंत्र बँक खाते असावे. सहकारी सोबत येणार असल्यास मात्र मर्यादित दायित्व भागीदारीचा विचार करावा. व्याप वाढल्यावर स्वरूप बदलता येते. आरंभीच न पेलणारा डोलारा उभारण्याचे कारण नाही.